बेसबॉलमध्ये बॉल उशिरा लागतोय? आधी पाय बघा, हात नंतर: टायमिंग आणि स्विंग सुरुवातीपासून

एप्रिल उजाडला की न्यू जर्सीतल्या कुठल्याही लिटल लीगच्या, म्हणजे मुलांच्या बेसबॉलच्या, मैदानावर एक आरोळी हमखास ऐकू येते, "फास्टर! स्विंग फास्टर!", आणि ओरडणाऱ्यांत आपली मराठी मंडळीही असतातच, कारण क्रिकेट बघत वाढल्यामुळे बॅट म्हणजे आपल्याला कळतंच असा आपला पक्का समज. पोरगं बिचारं पुढच्या बॉलला जीव खाऊन बॅट फिरवतं, डोकं हलतं, खांदा उघडतो, आणि बॉल परत मागे बसलेल्या कॅचरच्या ग्लोव्हमध्ये.

माझं म्हणणं एकच आहे आणि पुढचा सगळा लेख त्यावरच आहे. उशीर होणाऱ्या बहुतेक पोरांची बॅट हळू नसते, ती उशिरा निघते. आणि ती उशिरा निघते कारण पुढचा पाय उशिरा टेकतो. हे एकदा डोळ्यांनी दिसलं की निम्मी कटकट संपते, आणि ते कसं बघायचं तेही खाली सांगतो, फोन पुरतो त्याला.

आधी थोडं गणित, कंटाळा करू नका

मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये पिचर (बॉल टाकणारा) ज्या उंचवट्यावर उभा असतो त्या माउंडवरच्या रबरी पट्टीपासून बॅटरसमोरच्या होम प्लेटच्या मागच्या टोकापर्यंत ६० फूट ६ इंच अंतर असतं. पण पिचर लांब पाऊल टाकून पुढे येऊन बॉल सोडतो, त्यामुळे बॉलला खरा प्रवास ५४-५५ फुटांचाच उरतो. ताशी ९५ मैलाचा फास्टबॉल हे अंतर ०.४ सेकंदात कापतो. बॅट निघाल्यापासून बॉलला लागेपर्यंत चांगल्या खेळाडूला साधारण ०.१५ सेकंद लागतात, म्हणजे बघायला, ओळखायला आणि ठरवायला मिळून पाव सेकंद. संपलं.

मुलांच्या मैदानावर अंतर ४६ फूट, म्हणून तिथला ७० मैलाचा बॉल पोराला जवळजवळ तेवढाच वेळ देतो जेवढा मोठ्या लीगमधला ९० च्या वरचा बॉल मोठ्यांना देतो. ७० टाकणारा बारा वर्षांचा पिचर रोज भेटत नाही हे खरं, पण ६० टाकणारे भेटतात, आणि तिथेही जेमतेम अर्धा सेकंद हातात असतो.

आता चूक किती चालते ते बघा. दोन फाउल लाइनमध्ये, म्हणजे ज्यांच्या बाहेर गेलेला फटका धरत नाहीत त्या रेषांमध्ये, ९० अंशांचा कोन आहे. बॉल लागतो त्या क्षणी बॅट इतक्या जोरात फिरत असते की ०.०१ सेकंदात ती २० अंशांहून जास्त सरकते. म्हणजे सेंटर फील्डकडे (समोर मधोमध) जाणारा फटका ०.०२ सेकंद इकडेतिकडे झाला की फाउल लाइनपाशी, त्याहून जरा जास्त चुकलं की फाउल. पिचरला हे पूर्ण माहीत असतं, म्हणून तर तो ९५ च्या मागोमाग त्याच ॲक्शनने ८५ चा चेंजअप, म्हणजे मुद्दाम हळू बॉल, टाकतो, फरक ०.०४-०.०५ सेकंदांचाच पण बॅटर पार पुढे निघून गेलेला असतो. वॉरेन स्पान नावाचा डावखुरा पिचर होता, ३६३ मॅच जिंकलेला, त्याचं म्हणणं असं की बॅटिंग म्हणजे टायमिंग आणि पिचिंग म्हणजे ते टायमिंग बिघडवणं. यापेक्षा कमी शब्दांत हा खेळ सांगता येईल असं मला वाटत नाही.

उभं राहणं आणि पकड, हे पटकन उरकू

स्टान्सवर लोक तासन्‌तास बोलतात, मला त्यात फार दम वाटत नाही. मोठ्या लीगमध्ये बघा, कोणी वाकून, कोणी ताठ, कोणी पाय उघडे टाकून, आणि बॉलला बॅट लागायच्या क्षणी मात्र सगळे जवळपास सारखेच दिसतात. पोराला एवढंच सांगा: पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त रुंद, गुडघे सैल, वजन तळव्याच्या पुढच्या भागावर, आणि दोन्ही डोळे पिचरकडे. दोन्ही म्हणजे दोन्ही. बरीच पोरं हनुवटी छातीकडे वळवून नाकाच्या आडून एकाच डोळ्याने बघत असतात आणि मग बॉल किती लांब आहे हे कळतच नाही. बॅट टेकवून प्लेटच्या पलीकडची कड गाठता आली की अंतर बरोबर, प्लेट १७ इंच रुंद आहे आणि बाहेरच्या कडेवरून गेलेला बॉलही स्ट्राइकच (बॅटरच्या विरुद्ध मोजला जाणारा) असतो.

पकड बोटांत, तळहातात नाही. दारावर टकटक करताना बोटांची जी पेरं लागतात ती दोन्ही हातांची साधारण एका रेषेत आली की झालं. आणि सैल पकडा हो, पांढरी पडेपर्यंत बोटं आवळली की मनगट लाकडाचं होतं.

लोड: मागे जाण्याची वेळ

क्रिकेटवाल्यांना हे लगेच कळेल, बॉलर बॉल सोडायच्या आधी बॅट्समन जी ट्रिगर मूव्हमेंट करतो ना, तसंच काहीसं. बेसबॉलमध्ये बॅटर वजन मागच्या पायाच्या आतल्या बाजूला घेतो, हात थोडे मागे जातात, पुढचा खांदा किंचित आत वळतो. याला लोड म्हणायचं. मागे झुकणं म्हणजे लोड नव्हे. मागचा गुडघा मागच्या पावलाच्या बाहेर गेला की वजन निसटलं, तिथून पुढे यायला वेळ लागतो.

लोड कधी करायचा, यातच सगळी मेख आहे. पोरं बॉल पिचरच्या हातातून सुटल्यावर हलायला लागतात. तोवर उशीर झालेला असतो, मग हात कितीही पळवा. लोडची घंटा बॉलने वाजवायची नसते, पिचरच्या शरीराने वाजवायची. पिचर पाय उचलून वळला, त्याच्या पँटचा मागचा खिसा तुम्हाला दिसायला लागला, की तुमचं वजन मागे जायला सुरुवात. त्याचा पाय खाली येऊन पुढे पडत असताना तुमचा पुढचा पाय निघायचा. मी पोरांना सांगतो, तो मागे तर तू मागे, तो पुढे तर तू पुढे, फक्त सावकाश. सावकाश हा शब्द महत्त्वाचा आहे कारण लवकर सुरू केलं तर हळू जाता येतं, आणि हळू जाणाऱ्याला थांबता येतं. उशिरा सुरू करणारा सगळं एका झटक्यात करतो, त्याला चेंजअपवर थांबता येणं शक्यच नाही.

होजे बाउटिस्टाचं उदाहरण याच गोष्टीसाठी देतात. टोरंटोचा हा खेळाडू २०१० च्या आधी एका सीझनमध्ये कधी १६ च्या पुढे होम रन मारू शकला नव्हता, त्याला सांगितलं गेलं की बाबा तू खूप उशिरा हलतोस, आधी सुरू कर, त्याने पाय उचलणं बरंच लवकर सुरू केलं आणि २०१० मध्ये ५४ होम रन मारले. नुसत्या त्याच बदलाने झालं असं मी म्हणणार नाही, पण त्याचे हात काही वर्षभरात दुप्पट वेगवान झाले नव्हते हे नक्की.

पाय किती उचलायचा

इथे टोकाची मतं आहेत. जपानच्या सादाहारू ओहने १९६२ मध्ये एका पायावर बगळ्यासारखं उभं राहून मारायला सुरुवात केली, त्याचे कोच हिरोशी अराकावा, आणि त्याच वर्षापासून सलग १३ वर्षं लीगमध्ये सर्वात जास्त होम रन त्याचेच. एकूण ८६८. तर उलट शोहेई ओहतानी २०१८ मध्ये अमेरिकेत आला तेव्हा स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये चाचपडत होता, त्याने सीझन सुरू व्हायच्या तोंडावर उंच पाय उचलणं सोडून नुसता पंजा टेकवून टाच वळवायची पद्धत धरली, आणि पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, २०२४ ला ५४ होम रन आणि ५९ स्टील (चोरलेले बेस).

मग पोराने काय करायचं? माझं मत, आठ ते बारा वयात पाय जमिनीपासून दोन-तीन इंच, पाऊल चार-सहा इंच पुढे, बस. उंच लेग किकला पोटऱ्या, मांड्या, पोट सगळं मजबूत लागतं आणि तोल एका पायावर थांबवता यायला हवा, नाहीतर शरीर पिचरकडे कोसळतं आणि डोकं सहा इंच पुढे सरकतं. डोकं सरकलं की बॉल आहे त्यापेक्षा वेगवान दिसतो. पोरगं टीव्हीवर बघून लेग किक करत असेल तर घरी एक टेस्ट घ्या, पाय उचलून तीन मोजेपर्यंत न हलता थांबता आलं पाहिजे. डगमगला की लेग किक सध्या बंद.

पाय टेकला, मग काय सुटतं

पाऊल टेकतं ते आधी पंजावर, हलकं, जणू खाली अंडं आहे. या क्षणाला हात अजून मागेच हवेत. पाय पुढे, हात मागे, मधे शरीर ताणलेलं. हीच ती जागा जिथून स्विंग निघतो, आणि बहुतेक पोरांमध्ये हीच जागा सापडत नाही, कारण पाय जाताना हातही त्याच्याबरोबर पुढे निघून गेलेले असतात.

मग टाच टेकते आणि क्रम सुरू होतो: कंबर वळते, तिच्या मागून छाती, तिच्या मागून हात, सगळ्यात शेवटी बॅटचं टोक. प्रत्येक भाग आधीच्यापेक्षा जोरात फिरतो. कंबर वळायला लागली तरी खांदे क्षणभर मागेच राहिले पाहिजेत, तो पीळ म्हणजेच ताकद. पोराची बेंबी पिचरकडे वळलीय आणि छाती अजून प्लेटकडेच आहे असा एक फ्रेम व्हिडिओत सापडला तर शाबासकी द्या.

पुढचा पाय इथे ब्रेक लावतो. गुडघा वाकलेला असतो तो बॉल लागेपर्यंत सरळ होत जातो, त्यामुळे पुढे येणारं शरीर थांबतं आणि तो सगळा जोर फिरण्यात जातो. क्रिकेट खेळलेल्या मुलांचं नेमकं इथे अडतं. त्यांना शिकवलेलं असतं पुढच्या पायावर वजन टाक, गुडघा वाकव, डोकं बॉलवर ने, ड्राइव्हसाठी ते बरोबरच आहे पण इथे टप्पाच नाही, बॉल हवेतूनच येतो, आणि वाकलेल्या गुडघ्यावरून शरीर पुढे सरकत राहिलं की फिरणं संपतं आणि उरते ती हातांची ढकलाढकली. अशा मुलाला पुलचा शॉट आठवायला सांगा, ड्राइव्हचा विसरायला सांगा, लवकर जमतं.

आणि मागचा पाय. जुने कोच सांगायचे, मागच्या पायाखाली किडा चिरडतोयस असं समज आणि पाय घोळव. हे सोडा आता. पाय जागेवर घोळवला की वजन मागेच अडकून पडतं. मोठ्या लीगचे व्हिडिओ थांबवून बघा, बॉल लागताना कित्येकांच्या मागच्या पायाचा फक्त अंगठा टेकलेला असतो, काहींचा तर पाय हवेतच. कंबर नीट वळली की मागचा पाय आपोआप ओढला जातो, त्याला वेगळं काही करायला लावू नका.

बॅटचा रस्ता

"बॉलवर खाली मार" हा दुसरा जुना मंत्र. पिचर दहा इंच उंच माउंडवरून, वर हात करून टाकतो, बॉल प्लेटपाशी खाली येत असतो, फास्टबॉल साधारण पाच-सहा अंशांनी आणि कर्व्हबॉल त्याहून चांगलाच जास्त. बॅट वरून खाली आणली तर दोन रस्ते एकमेकांना एकाच बिंदूवर छेदतात, तो बिंदू वेळेवर पकडला तर ठीक नाहीतर गेला. बॅट किंचित वर जाणाऱ्या रस्त्याने आली तर ती बॉलच्या रेषेत जास्त वेळ राहते. म्हणजे ०.०१ सेकंद चुकलं तरी काहीतरी चांगलं लागतं. टेड विल्यम्स हेच सांगायचा, आणि १९४१ मध्ये .४०६ सरासरी (हजार संधींत ४०६ हिट या हिशोबाने) काढल्यानंतर आजतागायत अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये पूर्ण सीझन .४०० कोणी गाठलेलं नाही, तेव्हा ऐकायला हरकत नाही.

फक्त "वर मार" असंही सांगू नका, पोरं मागचा खांदा पाडून बॅट झाडूसारखी खालून आणतात आणि वरचा प्रत्येक बॉल कॅचरच्या डोक्यावर उडतो. करायचं ते असं: मागचं कोपर बरगडीजवळ खाली येतं, बॅटचं टोक मागे कॅचरच्या बाजूलाच सपाट होतं, आणि मग नॉबच्या (दांड्याच्या टोकावरच्या गोळ्याच्या) बाजूने हात पुढे येतात. बॅट लांबून फिरत नाही, अंगाजवळून वळते.

बॉल कुठे भेटायचा

टी वर (बॉल ठेवायच्या उभ्या स्टँडवर) प्रॅक्टिस करताना बहुतेक लोक टी प्लेटच्या मधोमध ठेवतात आणि पोरगं त्याच्या समोर उभं. म्हणजे बॉल पोटासमोर. मॅचमध्ये तिथपर्यंत बॉल येऊ दिला तर तो उशीरच झाला. मधल्या बॉलसाठी टी प्लेटच्या पुढच्या कडेच्या थोडा पुढे, साधारण पुढचं पाऊल टेकतं त्या रेषेत हवा. आतल्या बॉलसाठी त्याहून आणखी पुढे, कारण हातांना वळायला जागा लागते. बाहेरच्या बॉलसाठी मागे, प्लेटच्या मधल्या भागाकडे, आणि तो विरुद्ध बाजूला मारायचा, उजव्या हाताने खेळणारा असेल तर राइट फील्डकडे. प्लेट नसेल तर रबरी प्लेट विकत मिळते, पुठ्ठा कापलात तरी चालतो, पण प्लेटशिवाय टी म्हणजे निव्वळ हात दुखवणं आहे.

याचा अर्थ बाहेरच्या बॉलला वेळ जास्त आणि आतल्याला कमी. म्हणून पोराच्या डोक्यात मॅचमध्ये एकच टायमिंग असावं, फास्टबॉलचं, मधल्या भागातल्या. तिथून हळू बॉलला थांबता येतं. चेंजअपची वाट बघत बसलेल्याला फास्टबॉल सापडत नाही.

फोन काढा

आता ते शोधायचं कसं. बऱ्याच फोनमध्ये स्लो मोशन असतं, सेकंदाला २४० फ्रेम. एक फ्रेम म्हणजे साधारण ०.००४ सेकंद. बॅटरच्या मागच्या, बॅकस्टॉपच्या जाळीमागे उभं राहून असा शूट करा की पिचरचा हात आणि बॅटरचे पाय दोन्ही दिसतील. मग फ्रेम पुढे सरकवत चार जागा लिहून काढा: बॉल हातातून सुटला, पुढची टाच टेकली, बॅट पुढे निघाली, बॉल लागला किंवा बॅटजवळून गेला.

आमच्या टीममधल्या एका बारा वर्षांच्या मुलाचं सांगतो. पिच ६० मैलाच्या आसपासचा, म्हणजे बॉल सुटल्यापासून प्लेटपर्यंत साधारण १२० फ्रेम. त्याच्या वयाच्या मुलाची बॅट निघाल्यापासून लागेपर्यंत ४०-४५ फ्रेम जातात, म्हणजे टाच ७५ व्या फ्रेमच्या आसपास खाली हवी. याची टाच टेकत होती ९५ ला. मग हा काय करायचा, पाय हवेत असतानाच हात सोडायचा. बघणाऱ्याला दिसायचं की मुलाच्या स्विंगमध्ये ताकद नाही, वडील त्याला पुश-अप्स काढायला लावत होते, आणि व्हिडिओत मात्र बॅट निघाल्यापासून लागेपर्यंत मोजलं तर ४२ फ्रेम. एकदम व्यवस्थित! हातांना हातसुद्धा लावायची गरज नव्हती. पिचरचा गुडघा वर गेला की तू मागे, एवढीच सूचना, बाकी काही नाही.

उलट असंही सापडेल की टाच वेळेवर टेकतेय पण बॅटला ५५-६० फ्रेम लागतायत. तिथे स्विंग लांब आहे, किंवा बॅट जड आहे. हे दोन आजार वेगळे आणि औषधही वेगळं, पण मैदानावरून दोन्ही "उशीर झाला" असेच दिसतात, म्हणून मोजल्याशिवाय काही बदलू नका.

फोन नसेल तेव्हा फाउल बॉल वाचा. उजव्या हाताचा बॅटर पहिल्या बेसच्या बाजूला फाउल मारतोय, उशीर. तिसऱ्या बेसच्या बाजूला जोरात फाउल, घाई. सरळ मागे बॅकस्टॉपवर गेला तर टायमिंग अचूक होतं, बॅट केसभर खाली लागली, अशा वेळी "छान, हाच वेळ ठेव" म्हणायचं. डावखुऱ्याचं बाजूंनी उलटं. मनगटं लवकर वळून शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या फील्डरकडे) पुन्हा पुन्हा जमिनीवरून खुरटे ग्राउंडर जात असतील तर तीही बहुतेक वेळा घाईच.

घरी आणि केजमध्ये (प्रॅक्टिसच्या जाळीत) काय करायचं

टी वर रोज थोडे स्विंग, पण प्रत्येकाआधी लोड आणि पाऊल पूर्ण करून. नुसत्या टी वर टायमिंग येत नाही, बॉल पळत नाही ना, तिथे फक्त रस्ता आणि क्रम बसतो. त्यात एक थांबायचा प्रकार करून घ्या: पाऊल टाक, टाच उचललेली, हात मागे, थांब. मी म्हटल्यावर मार. सुरुवातीला पोरं वैतागतात कारण त्या जागी तोल राहत नाही, आणि तोल राहत नाही हेच तर दाखवायचं असतं.

टायमिंगसाठी सगळ्यात चांगलं म्हणजे फ्रंट टॉस. तुम्ही १५-२० फुटांवर एल-स्क्रीनच्या (एल आकाराच्या संरक्षक जाळीच्या) मागे बसून खालून बॉल टाकायचा. स्क्रीनशिवाय नको, अजिबात नको, परत येणारा बॉल दिसायच्या आत तोंडावर येतो. हात मागे नेताना पोराने लोड करायचा, हात पुढे येताना पाऊल. हे बसलं की वेग बदला, दोन जोरात, एक हळू, न सांगता, पण हाताची हालचाल तीच ठेवून. हळू बॉलला पोराचा पाय टेकला पाहिजे आणि हात थांबले पाहिजेत. चुकेल, चुकू द्या. पहिल्या दिवशी सगळेच हवेत बॅट फिरवतात.

पिचिंग मशीनबद्दल माझं मत जरा वाईट आहे. मशीनला हात नाही, पाय नाही, बॉल अचानक भोकातून येतो, म्हणजे ज्या गोष्टीवर टायमिंग लावायचं तीच गायब. वापरायचंच असेल तर बॉल घालणाऱ्या माणसाला बॉल वर करून दाखवायला सांगा, मग हात सावकाश खाली आणून मशीनमध्ये सोडायचा, आणि पोराने त्या हातावर लोड करायचा. पैसे देऊन केज घेतलाय म्हणून पन्नास बॉल धडाधड मारण्यापेक्षा असे पंधरा पुष्कळ.

आणखी एक फुकटातला प्रकार. टीमचा पिचर वॉर्म अप करत असेल तेव्हा हेल्मेट घालून बॅट घेऊन बॉक्समध्ये उभं राहायचं, स्विंग करायचाच नाही, कोचला विचारून अर्थात. फक्त लोड, पाऊल, आणि तोंडाने "हो" किंवा "नाही". प्रत्येक बॉलला मनात "हो" म्हणूनच निघायचं, आणि खराब दिसला तर शेवटच्या क्षणी "नाही". आधी "नाही" धरून बसलेला बॅटर चांगला बॉल दिसल्यावर कधीच वेळेत निघत नाही.

डोळ्यांचं एक सांगतो, "बॉल बॅटला लागेपर्यंत बघ" हे आपण सगळेच सांगतो पण शेवटच्या काही फुटांत बॉल इतका झपकन सरकतो की डोळ्यांना त्याच्यामागे जाता येत नाही, मोठमोठ्यांनाही नाही. तरीही सांगत रहा, कारण त्यामुळे डोकं स्थिर राहतं.

बॉलची भीती हा वेगळा विषय आहे पण टायमिंगच्या आड येतो. पुढचा पाय प्लेटपासून लांब, तिसऱ्या बेसकडे पडतोय का बघा. तसं असेल तर पोराला स्विंग शिकवू नका, टेनिस बॉलने आतले बॉल टाका आणि पाठ वळवून, हनुवटी आत घेऊन चुकवायला शिकवा. अंगावर बॉल कसा घ्यायचा ते कळलं की पाय हळूहळू सरळ पडायला लागतो.

मॅचच्या दिवशी

नंबर यायच्या आधी ऑन-डेकला (पुढच्या बॅटरच्या थांबायच्या जागी) उभं असताना, म्हणजे जिथे लीग उभं राहू देते तिथे, लहान गटांत डगआउटच्या आतूनच, पिचरच्या प्रत्येक बॉलला लोड करायचा. बॅट गरागरा फिरवण्यापेक्षा हे हजारपट कामाचं. १३ च्या पुढच्या मुलांना आणखी एक, बेसवर रनर असला की पिचर पाय कमी उचलतो आणि पटकन टाकतो, मागचा खिसा दिसायला वेळच मिळत नाही, तेव्हा तो हलला की तुम्ही हललेलेच पाहिजे.

दोन स्ट्राइक झाल्यावर बॅट इंचभर वर धरायची, पाऊल आणखी लहान, आणि बॉल थोडा आत येऊ द्यायचा. लुईस अराएझ बघा, मोठ्या लीगमध्ये त्याची बॅट सगळ्यात हळू फिरणाऱ्यांपैकी, साधारण ६३ मैल, जिथे सरासरी ७२ च्या आसपास आहे आणि जियानकार्लो स्टँटनची ८० च्या वर, पण या अराएझने २०२२, २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ तीन वर्षं तीन वेगवेगळ्या टीममधून बॅटिंग टायटल (लीगमधली सर्वोच्च सरासरी) घेतलं. बॅटचा वेग नको असं नाही हं, लांब मारायचं तर तोच लागतो, बॅटचा एक मैल वाढला तर बॉल साधारण १.२ मैल जास्त वेगाने सुटतो, आणि पिचचा एक मैल वाढला तर फक्त ०.२. पण तो वेग वाढवायला पोराकडे वाढीची सगळी वर्षं पडलीयत.

शेवटी बॅट खरेदी, कारण इथे पैसे वाया जातात. "पुढच्या वर्षीही चालेल" म्हणून मोठी बॅट घेऊ नका, हे शाळेचे बूट नाहीत. बॅट एका हातात धरून हात खांद्याच्या रेषेत बाजूला सरळ करायला लावा, अर्ध्या मिनिटाच्या आत टोक झुकायला लागलं तर ती जड आहे. लिटल लीगमध्ये २०१८ पासून यूएसए बेसबॉलचा शिक्का असलेलीच बॅट चालते, लाकडी एकाच तुकड्याची असेल तर शिक्क्याची गरज नाही. हायस्कूलला गेल्यावर बीबीकोर (बॅटची उसळी मर्यादेत असल्याचा) शिक्का लागतो आणि बॅटची लांबी इंचांत जेवढी, त्यातून वजनाचे औंस वजा केले तर फरक ३ पेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे ३२ इंचाची बॅट किमान २९ औंसांची. सातवी-आठवीतून तिकडे जाणाऱ्या मुलांची बॅट एकदम जड होते आणि टायमिंग सहा महिने बिघडतं, म्हणून आधीच्या हिवाळ्यातच ती बॅट हातात द्या, आणि फ्रेम पुन्हा मोजा.